नर्सिंगची वाट आणि आपली कला शाखा

(तृतीय वर्ष कला)

“नर्सिंगला सायन्सच लागते, आर्ट्सवाल्यांचे ते काम नव्हे.” हे वाक्य आपल्या महाविद्यालयाच्या आवारात मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की, ते खरे आहे की नाही हे तपासावे असे कुणाला वाटतच नाही. गेली दोन वर्षे मी ते तपासले. काही माझ्या चुलतबहिणीच्या प्रवेशाच्या निमित्ताने, काही स्वतःसाठी. त्यातून कळले ते एवढेच की, हे वाक्य अर्धे खरे आहे आणि त्याच्या उरलेल्या अर्ध्या भागाकडे आपण कुणी पाहिलेले नाही.

मुळात आपल्यापैकी बहुतेक जणी कला शाखेत का आलो? आवडीने आलेल्या थोड्या. मोसे खोऱ्यातून किंवा ताम्हिणीच्या बाजूने येणाऱ्या मुलीला विचारून पाहा. जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणती शाखा आहे आणि संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते, या दोन गोष्टींवर तिची शाखा ठरलेली असते. विज्ञान शाखेला दुपारची प्रात्यक्षिके आणि वर शिकवणीही लागते. ती आटोपेपर्यंत गाडी निघून जाते. म्हणजे आवड किंवा बुद्धी यांच्याआधी एस.टी.च्या वेळापत्रकाने आपला निकाल लावलेला असतो. अशा मुलीला पुढे ‘तुला नर्स होता येणार नाही’ असे सांगताना सांगणाऱ्याने निदान नियम तरी वाचलेले असावेत, अशी माझी अपेक्षा आहे.

नियमांकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ. परिचारिकेच्या पेशाकडे आपल्या समाजाने फार काळ तिरक्या नजरेने पाहिले. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचे, कुणाचेही मलमूत्र काढायचे. हे कुलीन घरातल्या बाईने कसे करावे, असा तो प्रश्न होता. मुंबईत १८९१ साली काशीबाई गणपत या हिंदी स्त्रीने परिचर्येचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली, तेव्हा ती एकटीच होती. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ साली सेवासदन सुरू केले आणि तिथल्या विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची सोय केली. त्या काळच्या पुण्यात विधवेने घराबाहेर पडणे हेच नवल होते. तिने इस्पितळात रुग्णसेवा करावी हे अनेकांना सहन होण्यासारखे नव्हते. रमाबाईंनी ते नेटाने चालवले. आपण समाजशास्त्राच्या तासाला ‘स्त्री-सुधारणा’ म्हणून जे चार मुद्दे लिहितो, त्यात ससूनच्या वॉर्डात उभ्या राहिलेल्या या बायका क्वचितच येतात.

परिचर्येची पदवी मात्र पुष्कळ उशिरा आली. भारतात ती १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने १९६४ साली मुंबईत लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय काढले. आज महाराष्ट्रातील बहुतेक नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ १९९८ सालचे.

आता शिडी समजून घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो. आपल्याकडे ‘नर्सिंग केले’ या दोन शब्दांत तीन-चार वेगवेगळी शिक्षणे कोंबलेली असतात. पहिली पायरी ए.एन.एम., म्हणजे साहाय्यकारी परिचारिका व प्रसविका. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. लसींचा डबा खांद्याला लावून वाडी-वस्तीवर येणारी उपकेंद्राची सिस्टर, ती ही. दुसरी पायरी जी.एन.एम., म्हणजे सर्वसाधारण परिचर्या व प्रसविका हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम. तिसरी बी.एस्सी. नर्सिंग, ही चार वर्षांची पदवी. आणि या दोहोंना जोडणारा एक पूल आहे, ज्याचे नाव आपल्या आवारात मी एकदाही ऐकले नव्हते. तो म्हणजे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. जी.एन.एम. होऊन परिचर्या परिषदेत नोंदणी झालेल्या परिचारिकेला तो दोन वर्षांत पदवीपर्यंत नेतो.

विज्ञानाची अट आहे ती तिसऱ्या पायरीला. बी.एस्सी. नर्सिंगसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत, प्रत्येकात उत्तीर्ण व्हायला हवे आणि तीन शास्त्रविषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के गुण हवेत. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. जी.एन.एम.ला बारावी कोणत्याही शाखेची चालते. अट एवढीच की बारावीला ४० टक्के गुण आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण असावेत. वयाची मर्यादा १७ ते ३५. तेव्हा कला शाखेच्या मुलीला पदवीधर परिचारिका होता येते; तिची वाट चारऐवजी पाच वर्षांची आहे, एवढाच फरक. या एका वर्षासाठी आपण सगळी वाटच बंद समजून बसलो आहोत.

ज्यांची धाकटी भावंडे सध्या अकरावी-बारावी विज्ञानात आहेत त्यांच्यासाठी आधी पदवीचे सांगते. माझी चुलतबहीण (आम्ही सगळे तिला ताई म्हणतो) याच वाटेने गेली. २०२२ सालापासून महाराष्ट्रात बी.एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सी.ई.टी. कक्षाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते. ताईने ती दिली तेव्हा संगणकावर शंभर प्रश्न, शंभर गुण आणि दीड तास असे तिचे स्वरूप होते. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि ‘परिचर्येचा कल’ या पाचांना प्रत्येकी २० गुण. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नव्हता. आमच्या घरी सगळ्यांनी भौतिकशास्त्राचा धसका घेतला होता. पण ताईचे म्हणणे असे की, ग्रामीण भागातल्या मुली मागे पडतात त्या इंग्रजीत आणि या ‘कल’ नावाच्या भागात. कारण ते दोन्ही विषय आहेत असे समजून कुणी अभ्यासच करत नाही. शंभरपैकी चाळीस गुण आपण असे उघड्यावर ठेवतो.

याहून मोठी अडचण तारखेची आहे. आपल्याकडे बारावीचा निकाल लागला, पेढे वाटले, मग ‘आता पुढे काय?’ अशी चर्चा सुरू होते. सी.ई.टी.चा अर्ज मात्र निकालाच्या कितीतरी आधी, बारावीच्या परीक्षेच्या आगेमागेच भरायचा असतो. निकालानंतर जाग आलेल्या मुलीच्या हातून ते वर्ष गेलेलेच असते. ताईच्या वर्गातील तीन हुशार मुली अशाच राहिल्या. त्यांना कुणी सांगितलेच नाही.

परीक्षा झाली म्हणजे प्रवेश झाला असेही नाही. गुणवत्ता यादी लागल्यावर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी पुन्हा नोंदणी करावी लागते, कागदपत्रे चढवावी लागतात, महाविद्यालयांचा पसंतिक्रम भरावा लागतो आणि मग फेऱ्या सुरू होतात. चुरस खरी असते ती शासकीय महाविद्यालयांसाठी, कारण तिथे जागा थोड्या आणि शुल्क कमी. पसंतिक्रम भरताना घरचे लोक म्हणतात, पुण्याबाहेर नको. ताईच्या वडिलांनीही तेच म्हटले होते. पण पुण्यातले महागडे खाजगी महाविद्यालय आणि दूरच्या जिल्ह्यातले शासकीय महाविद्यालय यांत निवड करायची झाली, तर माझ्या मते दूरचे शासकीय घ्यावे. तिथे मोठे रुग्णालय असते, रुग्ण भरपूर असतात आणि हात बसतो. वसतिगृहात राहावे तर दोन्हीकडे लागतेच. पौडहून रोज ये-जा करून नर्सिंग करू म्हणणाऱ्याने सकाळची ड्यूटी किती वाजता सुरू होते ते आधी विचारावे.

आता कागदपत्रांची गोष्ट. ही जरा विस्ताराने सांगते, कारण गुण असूनही मुली अडतात त्या इथे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, वैद्यकीय पात्रतेचा दाखला ही झाली सर्वांची. राखीव वर्गासाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ज्यांना लागू असेल त्यांना नॉन-क्रीमीलेयर. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा, जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीचा. पौडच्या तहसील कचेरीत किंवा गावाजवळच्या सेवा केंद्रात हे अर्ज देता येतात. जून-जुलैमध्ये तिथे सगळ्या तालुक्याचे विद्यार्थी एकदम लोटतात, आणि त्यात ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य ऐकले नाही असा पालक विरळा. दाखले जानेवारी-फेब्रुवारीत काढावेत. तेव्हा कचेरीत उभे राहायला जागा असते. मात्र उत्पन्नाच्या आणि नॉन-क्रीमीलेयरच्या दाखल्याची मुदत कोणत्या तारखेपर्यंत आहे ते त्यावरच पाहून घ्यावे.

जात वैधता हा सर्वांत चिवट कागद. त्यासाठी पूर्वजांचा जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमधला उतारा शोधायचा. आपल्या तालुक्यात या शोधाला आणखी एक पदर आहे. ज्यांची मूळ गावे १९२० च्या दशकात मुळशी धरणाच्या पाण्यात गेली, त्यांच्या घराण्याचा कागद कोणत्या गावच्या नावाने शोधायचा, हेच अनेकदा घरात कुणाला ठाऊक नसते. आणि कातकरी कुटुंबांत तर पणजोबा शाळेतच गेलेले नसतात. तिथे उतारा कुठून येणार? महादेव कोळी आणि कातकरी मुलींनी नर्सिंगचा विचार अकरावीतच करून वैधतेचा अर्ज त्याच वर्षी महाविद्यालयामार्फत द्यावा, हे मी आग्रहाने सांगेन. अनुसूचित जमातींच्या तपासणीची समिती पुण्यात वेगळी आहे आणि प्रकरण महिनोन्महिने चालू शकते. आपल्या वाडीवर कातकरी बोलीत विचारपूस करणारी सिस्टर आली, तर किती फरक पडेल याची कल्पना करावी; तिची वाट एका उताऱ्यापाशी अडू नये.

शुल्काची धास्ती सर्वांना असते. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ झाले. मात्र दोन गोष्टी नीट वाचाव्यात. प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ती लागू नाही. आपल्या तालुक्यात आणि पुण्यात मोठमोठी आरोग्य संकुले उभी आहेत, त्यांच्या पाट्या बसमधून रोज दिसतात. पण अभिमत विद्यापीठांचे प्रवेश वेगळे आणि शुल्काचे गणितही वेगळे. शिवाय माफी आहे ती शिक्षण शुल्काची. वसतिगृह, खानावळ, गणवेश आणि पुस्तके यांना घरून पैसे लागतातच. ताईच्या पहिल्या वर्षी काकांनी भाताचे पैसे आले तसे त्यातच घातले.

एक निराळी वाट सैन्याची आहे. सैनिकी परिचर्या सेवेतर्फे मुलींना चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग शिकवले जाते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील नर्सिंग महाविद्यालय त्यांपैकी एक. इतर मुंबई, दिल्ली, कोलकाता, लखनौ आणि बंगळूर येथे. देशभरात मिळून जागा २२०, त्यातल्या पुण्यात ४०. बारावीला पहिल्याच प्रयत्नात शास्त्रविषय व इंग्रजीसह ५० टक्के हवेत. २०२२ पासून नीटची परीक्षा आवश्यक झाली, आणि तिच्या गुणांवर बोलावणे आल्यास पुढे बुद्धिमत्ता व इंग्रजीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. उत्तीर्ण होणाऱ्या मुलीला लेफ्टनंटचा हुद्दा मिळतो. याच सेवेतील एका अधिकारी स्त्रीला लग्न केले म्हणून १९८८ साली कामावरून काढले होते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बेकायदा ठरवून तिला ६० लाख रुपये देण्यास सांगितले. छत्तीस वर्षे लागली! तो नियम १९९५ सालीच रद्द झाला आहे, हे लग्नाच्या चिंतेत असलेल्या पालकांसाठी नमूद करते.

आता आपल्या शाखेची वाट, जी.एन.एम. इथे आपल्याला अडवणारा विषय एकच, इंग्रजी. बारावी कलेला इंग्रजीत पस्तीस मिळाले की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, जी.एन.एम.च्या दारात मात्र ते पस्तीस पाच गुणांनी कमी पडतात. बारावीला बसलेल्या बहिणींना हे आजच सांगून ठेवा. शासकीय जी.एन.एम. प्रशिक्षण संस्थांत बारावीचे गुण महत्त्वाचे असतात आणि विज्ञानवाल्यांशी सामना होतो, हे खरे आहे. खाजगी संस्थांत जागा मिळणे सोपे जाते. पण संस्था खरी असली पाहिजे.

हे वाक्य मी सहज लिहिलेले नाही. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीने शहरातल्या एका संस्थेत वर्षभराचा ‘नर्सिंग कोर्स’ केला. दुकानांच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर सांगाड्याचे चित्र, पांढरा गणवेश, शेवटी सोनेरी कडेचे प्रमाणपत्र. घरची म्हैस विकून अडतीस हजार रुपये भरले होते. त्या प्रमाणपत्रावर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही, हे तिला कळले ते नोकरीच्या मुलाखतीत. आज ती एका लहान दवाखान्यात बारा-बारा तास काम करते. इंजेक्शन देते, सलाइन लावते, लोक तिला सिस्टर म्हणतात. कागदोपत्री ती कुणीच नाही. काही बरेवाईट झाले तर कायदा तिच्याच मागे लागेल. रुग्णाची साधी देखभाल शिकवणारे लहान अभ्यासक्रम असतात आणि त्यांचा उपयोगही असतो. पण ते ‘नर्स’ या नावाने विकले जातात तेव्हा ती फसवणूकच होय.

म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला चार गोष्टी तोंडावर विचाराव्यात, आणि उत्तर कागदावर मागावे. भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? परीक्षा कोण घेते? जी.एन.एम.ची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची असते आणि पदवीची विद्यापीठाची. ‘आम्हीच घेतो’ असे उत्तर आले की उठून यावे. तिसरे, रुग्णालय कोणते आणि खाटा किती? मान्यतेसाठी साधारणतः शंभर खाटांचे पालक-रुग्णालय अपेक्षित आहे. आणि चौथे, मागच्या तुकडीतल्या मुलींची परिषदेत नोंदणी झाली का? त्यांतल्या एकीला प्रत्यक्ष भेटता आले तर उत्तम. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या परिषदांच्या संकेतस्थळांवर पाहायला मिळतात. म्हैस विकण्यापूर्वी त्या यादीत नाव शोधायला दहा मिनिटे लागतात.

प्रवेश मिळाला, पुढे तग धरण्याचे काय? याबद्दल मी जे लिहीत आहे ते ताईकडून ऐकलेले आहे. पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, परिचर्येची मूलतत्त्वे आणि त्यांच्या जोडीला समाजशास्त्र व मानसशास्त्र! होय, हे दोन्ही विषय बी.एस्सी.लाही आहेत आणि जी.एन.एम.च्या पहिल्या वर्षालाही. ज्या ताईसमोर माझ्या शाखेचे घरात कुणी नाव काढत नव्हते, तिने दिवाळीच्या सुट्टीत ‘कुटुंबसंस्था’ आणि ‘जातिव्यवस्था’ या प्रकरणांच्या माझ्या वह्या मागून नेल्या. विज्ञानातून आलेल्या तिच्या मैत्रिणींना हे विषय परके वाटत होते. आपल्याला शरीररचना परकी वाटेल. हिशेब जवळजवळ बरोबरीचा म्हणायला हरकत नाही.

पुस्तके इंग्रजी. ताई सुरुवातीला प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहायची. सहा महिन्यांनी पेन्सिल आपोआप सुटली, कारण वॉर्डात तेच शब्द दिवसभर कानावर पडत. ती म्हणते, खरी कसोटी पुस्तकाची नाहीच. सुरुवातीला खाट लावायला शिकवतात. चादरीला सुरकुती राहता कामा नये, कोपरा ठरावीक पद्धतीनेच दुमडला पाहिजे. मुलींना हसू येते, यासाठी का आपण बारावी झालो? मग एके दिवशी महिनाभर एकाच कुशीवर पडून असलेल्या आजोबांच्या पाठीवरची जखम दिसते आणि चादरीची सुरकुती म्हणजे काय ते कळते. त्यानंतर कुणी हसत नाही. अंग पुसून देणे, ताप-नाडी-श्वास मोजणे, भांडे देणे. पहिल्यांदा परक्या पुरुषाचे अंग पुसताना ताईचे हात थरथरत होते. तो रुग्ण म्हणाला, “घाबरू नकोस पोरी, मला तुझ्याएवढी लेक आहे.” रमाबाईंच्या काळातला तो जुना प्रश्न अशा वेळी कुठल्या कुठे जातो, असे मला हे ऐकताना वाटले.

पहिल्याच वर्षी काही मुली घरी परततात. काहींना रक्त सोसत नाही, काहींना रात्रपाळी, पण बहुतेकींना एकटेपण. पहिला मृत्यू पाहिल्यावर ताईने दोन दिवस फोन उचलला नाही. घरच्यांनी अशा वेळी ‘ये मग परत’ असेही म्हणू नये आणि ‘एवढे पैसे भरलेत’ असेही म्हणू नये. काकूने फक्त डब्यातून शेंगोळ्या पाठवल्या आणि पुढच्या रविवारी स्वतः जाऊन आली.

हजेरीचे नियम कडक आहेत. परीक्षेला बसण्यासाठी तासांना आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के उपस्थिती लागते. आणि पदवी हातात पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांचे तास शंभर टक्के पूर्ण करून द्यावे लागतात. उत्तीर्ण होण्यास ५० टक्के गुण हवेत. गावची यात्रा, मावसबहिणीचे लग्न, भातलावणी यांसाठी आठ-आठ दिवस घरी येणाऱ्या मुलीला ते तास सुट्टीत भरून काढावे लागतात. लावणीला ताईविना अडले खरे; पण काकांनी एक मजूर जास्त लावला आणि काम उरकले.

मुलांनीही हा लेख वाचावा. सैनिकी परिचर्या सेवेची पदवी फक्त मुलींसाठी आहे, पण इतरत्र जी.एन.एम.ला आणि पदवीला मुलगे घेतात. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. आपल्या वर्गातल्या मुलांना हे सांगितले तेव्हा ते हसले. भरतीसाठी पहाटे चांदणी चौकापर्यंत धावणाऱ्यांपैकी दोघे मात्र नंतर एकटे येऊन नियम विचारून गेले.

शिक्षण संपले की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करायची. तो क्रमांक मिळाला की ती कायद्याने परिचारिका. शासकीय रुग्णालयांतील अधिपरिचारिकेच्या पदासाठी जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोघींनाही अर्ज करता येतो. देशातील एम्स संस्थांच्या नर्सिंग ऑफिसर भरतीतही जी.एन.एम. चालते, मात्र तिला नोंदणीनंतर किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. अधिपरिचारिकेवर परिसेविका, तिच्यावर अधिसेविका. वर चढताना किंवा शिकवण्याच्या क्षेत्रात जाताना पदवी लागते, आणि तिथे मघाचा तो पूल, पोस्ट बेसिक बी.एस्सी., उपयोगी पडतो. त्यानंतर एम.एस्सी.सुद्धा करता येते. बारावीला एकही शास्त्रविषय नसलेली मुलगी अशा रीतीने नर्सिंगची प्राध्यापिका होऊ शकते.

मी स्वतः या वर्षी बी.ए.ची शेवटची परीक्षा देऊन जी.एन.एम.साठी अर्ज करणार आहे. बारावीला इंग्रजीत ५२ आहेत. “तीन वर्षे बी.ए. केलेस ते फुकट गेले का?” असे घरात विचारले जाते. ताईला ते सांगितले तेव्हा तिने उत्तर न देता मला तिच्या वॉर्डातल्या एका बाईंची हकीकत सांगितली. बाई गोळ्या घेत नव्हत्या; डॉक्टर रागावले, सिस्टर रागावल्या. शेवटी एका विद्यार्थिनीने जवळ बसून विचारले तेव्हा कळले की त्यांचा चतुर्मासातला उपवास आहे आणि रिकाम्या पोटी गोळी पचत नाही. गोळीची वेळ बदलली, प्रश्न संपला. ती विद्यार्थिनी जी.एन.एम.ची होती, कला शाखेतून आलेली.

अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला माझ्या हातात आला आहे. नॉन-क्रीमीलेयरसाठी पुढच्या मंगळवारी पौडला जायचे आहे. कुणाला बरोबर यायचे असल्यास दहीवाल्यांच्या दुकानासमोर सकाळी साडेनऊला थांबावे. येताना रेशनकार्डाची झेरॉक्स आणि वडिलांचा शाळेचा दाखला बरोबर असू द्यावा.